बिनहवेचा टायर: पंक्चरची कटकट खरंच संपेल का? फायदे, तोटे आणि आपल्या रस्त्यांचं वास्तव

तुमच्याही फोनवर ते रील येऊन गेलं असेल. कारच्या टायरला बाजूची भिंतच नाही. आत जाळीसारखे वाकडे आरे दिसतायत आणि गाडी खिळे ठोकलेल्या फळीवरून आरामात निघून जाते. ना फुस्स, ना फट्ट. लगेच मनात येतं, मुंबईच्या रस्त्यांसाठी हेच पाहिजे! मग पुढचा प्रश्न, हे एवढं भारी आहे तर अजून आपल्या गाड्यांना का नाही?

मंडळी, हा टायर खरा आहे, रील खोटं नाही. मोठमोठ्या कंपन्या वीस वर्षांपासून त्याच्या मागे लागल्यात. पण खिळ्यांच्या फळीवरून पाच सेकंद जाणं वेगळं आणि घरचे पाच जण, डिकीत सामान, बाहेर मे महिन्याचं ऊन अशा अवस्थेत तासाला शंभरच्या वेगाने तीन तास धावणं वेगळं. या दोन गोष्टींमध्ये नेमकं काय अडलंय, तेच आज समजून घेऊ.

सुरुवात खोताच्या वाडीतून

गिरगावातली खोताची वाडी बहुतेकांना फोटोंमुळे माहीत आहे. रंगीत लाकडी बाल्कन्या, बाहेरून चढणारे जिने, पोर्तुगीज वळणाची कौलारू घरं आणि त्यांच्यामधून जाणारी चिंचोळी गल्ली. एका बाजूला जगन्नाथ शंकरशेट रस्ता, दुसऱ्या बाजूला व्ही. पी. रोड. ही गल्ली आखली गेली तेव्हा मोटारीचा जन्मही झाला नव्हता. म्हणून आजही इथे खरं राज्य चालतं ते पायी माणसांचं, दुचाकीचं आणि सामानाच्या हातगाडीचं. कार ठेवायची तर बाहेर, जागा मिळेल तिथे.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. कोकणातून रात्रीच्या गाडीने कुणी परत आलंय. पहाटेचे साडेचार. तो माणूस ट्रॉली बॅग पेव्हर ब्लॉकवरून ओढत गल्लीत शिरतो. खडखडखडखड! दोन्ही बाजूंच्या खिडक्या जाग्या. बॅग ओढणाऱ्याच्या मनगटापर्यंत मुंग्या. त्याच गल्लीतून थोड्या वेळाने दूधवाल्याची सायकल जाते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

फरक कशाचा? बॅगेची चाकं भरीव प्लास्टिकची आहेत. सायकलच्या चाकात हवा आहे.

म्हणजे बिनहवेचं चाक ही काही नवी गोष्ट नाही. बॅग, हातगाडी, बाबागाडी, रुग्णालयातली व्हीलचेअर, गोदीतला फोर्कलिफ्ट अशी कितीतरी बिनहवेची चाकं रोज आपल्या आसपास फिरत असतात. प्रश्न आहे तो बिनहवेचं चाक हवेच्या चाकासारखं गुपचूप, मऊ आणि वेगात चालवायचं कसं, हा.

हवा आली कुठून?

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायची पद्धत आपल्याकडे जुनीच. धाव झिजत नाही, पण दगडावर आपटली की सगळा दणका थेट माणसाच्या मणक्यात. पुढे घोडागाड्यांच्या चाकांवर भरीव रबर आलं. मुंबईच्या व्हिक्टोरियांचा प्रवास त्यामुळे जरा सुसह्य झाला. पण भरीव रबर ते भरीव रबरच.

चाकात हवा भरायची कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांची. त्यांनी १८४५ मध्ये पेटंटही घेतलं, पण ती कल्पना काळाच्या पुढे होती आणि विस्मरणात गेली. १८८८ मध्ये बेलफास्टला राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर बनवला आणि या वेळी मात्र तो चालला. पुढच्या काही वर्षांत सायकली आणि मग मोटारी हवेवर धावू लागल्या.

मुंबईचंही टायरशी जुनं नातं आहे. मूळच्या इटलीतल्या 'सीएट'ची भारतीय कंपनी १९५८ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि भांडुपला तिचा कारखाना उभा राहिला. १९८२ मध्ये ती आरपीजी समूहाकडे आली. ऑपेरा हाउसच्या आसपास मोटारीच्या सुट्या भागांची दुकानं तर गिरगावकरांच्या पायाखालची. म्हणजे टायर हा विषय इथे काही परका नाही.

हवा नेमकं काय करते?

साधा हिशेब करू. एक लहान कार साधारण १,००० किलोची धरा. चार टायर, म्हणजे प्रत्येकावर २५० किलो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो दाब. २५० ला २.३ ने भागलं की उत्तर येतं जवळपास ११० चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जुन्या पोस्टकार्डापेक्षाही कमी जागेवर! ब्रेक, वळण, पावसातली पकड सगळं या चार पोस्टकार्डांच्या भरवशावर.

आता हवेचे गुण बघा.

पहिला गुण, ती जवळपास बिनवजनाची आहे. दुसरा, पेट्रोलपंपावर ती फुकट मिळते. तिसरा, लाखो वेळा दाबली तरी ती थकत नाही. रबर थकतं, प्लास्टिक थकतं, पोलादसुद्धा थकतं. हवा नाही. चौथा, खड्ड्याच्या कडेवर टायर आपटला की हवा तो धक्का क्षणात सगळीकडे वाटून टाकते. आणि पाचवा, ती कमी-जास्त करता येते. गाडीत पाच माणसं आणि सामान असेल तर कंपनीने सांगितल्याप्रमाणे दाब थोडा वाढवायचा, एकट्याने जायचं तर नेहमीचा ठेवायचा. एकच टायर दोन्ही कामं करतो.

एवढी गुणी वस्तू. तिचा दोष एकच, ती निघून जाते.

पंक्चर आणि टायर फुटणं, या दोन वेगळ्या गोष्टी

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. आजच्या कारना बहुतेक ट्यूबलेस टायर असतात. त्यात खिळा घुसला की तो तिथेच अडकून बसतो आणि हवा हळूहळू जाते. कटकट होते, पण बहुतेक वेळा जिवावर बेतत नाही.

टायर फुटणं वेगळं. त्याची गोष्ट बऱ्याचदा कमी हवेपासून सुरू होते. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. सतत वाकण्याने ती तापते. एखादी तार हाताने पुन्हापुन्हा वाकवली की गरम होते ना, तसंच. शहरात वेग कमी, थांबे जास्त, म्हणून टायर अधूनमधून थंड होतो. महामार्गावर तशी उसंत मिळत नाही. आधीच थकलेली भिंत, वरून ऊन, खालून तापलेला रस्ता, गाडीत भार आणि सलग वेग. मग एका क्षणी भिंत फाटते.

समृद्धी महामार्गावर हेच चित्र चर्चेत आलं. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता टप्प्याटप्प्याने खुला होऊन ५ जून २०२५ रोजी पूर्ण झाला. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. सुरुवातीच्या काळात टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन विभागाला महामार्गावर शिरणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायची मोहीम घ्यावी लागली. झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या गेल्या.

मात्र प्रत्येक अपघाताचं खापर टायरवर फोडूनही चालत नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात खासगी बसला अपघात होऊन २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. टायर फुटल्याचं आधी सांगितलं गेलं, पण अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा आढळला नसल्याचं म्हटलं होतं. बिनहवेचे टायर आले म्हणजे अपघात संपले, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. झोप, वेग आणि मागच्या सीटवरचा न लावलेला पट्टा यांना टायर बदलून उत्तर मिळत नाही.

मग बिनहवेचा टायर चालतो कसा?

भरीव रबराचा टायर हा एक सोपा उपाय. फोर्कलिफ्टला तो चालतो. पण तो जड असतो, कडक असतो आणि वेगात धावला तर आतून प्रचंड तापतो, कारण रबराच्या पोटातली उष्णता बाहेर पडायला वाट नसते. कारसाठी तो बाद.

नवे टायर वेगळे असतात. त्यांचे साधारण तीन भाग. मधे धातूचं चाक. बाहेर रस्त्याला टेकणारं रबर आणि त्याच्या खाली मजबूत पट्टा. आणि या दोघांच्या मधे लवचिक आरे, जे हवेची जागा घेतात. बैलगाडीच्या चाकालाही आरेच असतात, पण ते वाकत नाहीत. इथे खालचे आरे वाकतात आणि वरचे आरे ताणले जाऊन गाडीचं वजन तोलून धरतात. चाक फिरेल तसा प्रत्येक आरा आळीपाळीने वाकतो आणि ताणला जातो.

म्हणजे संपूर्ण खेळ त्या आऱ्यांचा आहे. ते मऊ हवेत, पण ढिले नकोत. बळकट हवेत, पण कडक नकोत. आणि गाडी संपूर्ण आयुष्यात जितके फेरे मारेल तितक्या वेळा वाकूनही तुटायला नकोत.

आतापर्यंत मजल कुठवर?

बिनहवेची चाकं चंद्रावर मात्र केव्हाच जाऊन आली! १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चालवलेल्या गाडीची चाकं पोलादी तारेच्या विणलेल्या जाळीची होती. २०२३ मध्ये आपल्या चंद्रयान-३ मधून उतरलेला प्रज्ञान रोव्हरही धातूच्या चाकांवर फिरला. पण वेग बघा. प्रज्ञान सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर चालायचा. कमी वेगात बिनहवेचं चाक उत्तम चालतं, हा धडा आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

पृथ्वीवरचा प्रवास थोडक्यात असा:

• २००५: फ्रान्सच्या मिशेलिनने 'ट्वील' दाखवला. टायर आणि चाक एकत्र असलेली ही रचना. पुढे तो बांधकामाच्या लहान लोडरसाठी आणि गवत कापायच्या यंत्रांसाठी विकला जाऊ लागला. कारसाठी नाही.

• २०११: जपानच्या ब्रिजस्टोनने टोकियोच्या प्रदर्शनात आपला बिनहवेचा टायर मांडला. आता जपानमध्ये लहान आणि मंद वेगाच्या गाड्यांवर त्याचे प्रयोग चालू आहेत.

• २०१५: कोरियाच्या हॅनकूकने आपला 'आयफ्लेक्स' ताशी १३० किलोमीटरपर्यंत चालवून पाहिल्याचं जाहीर केलं.

• २०१९: मिशेलिन आणि जनरल मोटर्स यांनी मिळून 'अप्टिस' समोर आणला. २०२४ पर्यंत तो प्रवासी गाड्यांना द्यायचा इरादा होता.

• २०२३: सिंगापूरमध्ये डीएचएलच्या सामान पोहोचवणाऱ्या व्हॅनना अप्टिस बसवायला सुरुवात झाली. नंतर फ्रान्सच्या टपाल खात्यानेही काही गाड्यांवर तो घेतला.

अमेरिकेच्या गुडइयरनेही स्वयंचलित शटल आणि टेस्लाच्या गाडीवर चाचण्या केल्या आहेत.

२०२४ आलं आणि गेलं. शोरूममध्ये जाऊन "बिनहवेच्या टायरची गाडी द्या" असं म्हणता येईल, अशी सोय मात्र झालेली नाही. टपाल आणि कुरियरच्या गाड्यांना टायर मिळाले, घरगुती कारला नाहीत. हे असं का, ते फायदे-तोटे पाहिले की कळतं.

फायदे काय?

१. पंक्चर नाही, फुटणं नाही. हवाच नाही तर जाणार काय? रात्री अकरा वाजता, भर पावसात, पुलाच्या चढावर जॅक लावायची वेळ येत नाही. एकट्याने गाडी चालवणाऱ्या व्यक्तीसाठी, रुग्णाला घेऊन निघालेल्या कुटुंबासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

२. हवा तपासायची गरज नाही. टायरमधली हवा आपोआपही थोडी थोडी कमी होत असते आणि आपण महिनोन्महिने बघत नाही. बिनहवेच्या टायरमध्ये हा आळस महागात पडत नाही.

३. खड्ड्याने 'फुगा' येत नाही. खड्ड्याच्या धारेवर टायर आपटला की बाजूच्या भिंतीच्या आतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा दिसतो. असा टायर दुरुस्त होत नाही, नवाच घ्यावा लागतो. मोठ्या चाकाच्या, पातळ भिंतीच्या टायरवाल्यांना हे दुखणं चांगलं माहीत असेल. भिंतच नसेल तर फुगा कुठून येणार?

४. कचरा कमी. मिशेलिनच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २० कोटी टायर पंक्चर, फुटणं किंवा चुकीच्या दाबामुळे झालेली वेडीवाकडी झीज यांमुळे वेळेआधी भंगारात जातात. हा आकडा टायर विकणाऱ्या कंपनीचा आहे हे ध्यानात ठेवूनही मुद्दा खरा उरतो. चांगलं रबर शिल्लक असताना आपण टायर फेकतो.

५. स्टेपनी नको. डिकीतली जागा मोकळी, वजन कमी. सीएनजीची टाकी असलेल्या गाडीत डिकी किती उरते, हे वेगळं सांगायला नको.

६. धंद्याच्या गाड्यांचा खोळंबा टळतो. कुरियरच्या व्हॅनचं पंक्चर म्हणजे चालक, सामान आणि ग्राहक तिघेही अडकले. म्हणूनच हे टायर आधी तिथे पोहोचले.

आता तोटे

१. आवाज आणि थरथर. हा हिशेब मजेशीर आहे. टायरचा व्यास ६० सेंटिमीटर धरला तर एका फेऱ्यात गाडी सुमारे १.९ मीटर जाते. ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळपास १५ फेरे मारतं. समजा टायरला ६० आरे आहेत. म्हणजे सेकंदाला सुमारे ९०० वेळा एकेक आरा रस्त्याच्या बाजूला येऊन वाकणार! यातूनच गुणगुण आणि थरथर निर्माण होते. मिशेलिनच्या सुरुवातीच्या ट्वीलला वेगात हीच अडचण होती. खोताच्या वाडीतली ती पहाटेची ट्रॉली बॅग आठवा. तिचाच सुधारलेला, बराच सभ्य अवतार.

२. उष्णता आणि इंधन. हवा दबते आणि जवळपास सगळी ताकद परत देते. रबर आणि राळेचे आरे वाकतात तेव्हा थोडी ताकद उष्णतेत गमावतात. म्हणजे चाक लोळवायला इंजिनला जास्त जोर लागू शकतो. पेट्रोल गाडीचा मायलेज आणि इलेक्ट्रिक गाडीची रेंज, दोन्हीला हे भोवतं. कंपन्यांचं बरंचसं संशोधन याच मुद्द्यावर खर्ची पडतंय.

३. वजन. आरे आणि पट्टा मिळून चाक जड होऊ शकतं. फिरणारं वजन वाढलं की गाडी वेग घ्यायला सुस्तावते आणि सस्पेन्शनवर ताण येतो.

४. दाब बदलता येत नाही. एकट्याने ऑफिसला जाताना आणि पाच जण व सामान घेऊन गावी जाताना टायर तेवढाच कडक. कंपनीला सर्वांत जड भार धरूनच टायर बनवावा लागतो. मग गाडी रिकामी असताना तो कडक लागण्याची शक्यता असते.

५. चिखल, खडी, कचरा. आरे बाजूने उघडे असतील तर त्यांच्यात काय काय अडकेल याचा विचार करा. पावसाळ्यात खणलेला रस्ता, ओली माती, खडी, प्लास्टिकच्या पिशव्या. एका बाजूला चिखल वाळून बसला की चाकाचा तोल बिघडतो आणि स्टिअरिंग थरथरतं. युरोपातल्या स्वच्छ रस्त्यावर ही अडचण छोटी वाटेल, आपल्याकडे तशी वाटणार नाही.

६. दुरुस्ती. ट्यूबलेसचं पंक्चर नाक्यावर शे-दोनशे रुपयांत, दहा मिनिटांत निघतं. आरा तुटला तर? नाक्यावर त्याला इलाज नाही. अप्टिससारख्या रचनेत टायर आणि चाक जोडूनच येतात, त्यामुळे जुन्या रिमवर फक्त नवा टायर चढवणं हा प्रकारच नाही.

७. किंमत. साध्या टायरचे कारखाने शंभर वर्षांत घासूनपुसून स्वस्त झालेत. याची यंत्रं, साहित्य, चाचण्या सगळंच नवं. सुरुवातीला तो महागच असणार.

८. म्हातारपण कसं येईल? हवेचा टायर थकला की भेगा दिसतात, घासपट्टी दिसते. आऱ्यांचा थकवा डोळ्यांना कसा दिसणार, ऊन आणि खारा वारा खाऊन पाच-सहा वर्षांनी ते कसे वागणार, याचा घरगुती गाड्यांवरचा दीर्घ अनुभव अजून जमा व्हायचा आहे. आणि ज्या वस्तूवर चार जिवांचा भार, तिथे अनुभवाला पर्याय नाही.

गिरगाव आणि समृद्धी: दोन रस्ते, दोन उत्तरं

आता सगळं जोडून बघू. बिनहवेच्या टायरचे तीन शत्रू आहेत: वेग, उष्णता आणि बदलता भार.

गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथे गाडी चालते किती वेगाने? सिग्नल, वळण, बस, पुन्हा सिग्नल. इथे खड्डा आहे, खिळा आहे, बांधकामाच्या डंपरमधून सांडलेला खडा आहे. पण ताशी शंभरचा वेग नाही. म्हणजे शहरात सामान पोहोचवणारी इलेक्ट्रिक तीनचाकी, डबे-पार्सलच्या व्हॅन, आवारात फिरणाऱ्या छोट्या गाड्या यांना हा टायर आधी शोभेल. सिंगापूरच्या कुरियर व्हॅनचं उदाहरण याच जातीचं आहे. तिथेही चिखलाचा प्रश्न सोडवावा लागेलच.

द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर उलटं. तिथे टायर फुटण्याची भीती सर्वांत मोठी, म्हणजे बिनहवेच्या टायरची गरजही तिथेच जास्त. पण सलग वेग आणि उष्णता हे त्याचे शत्रूही तिथेच. जिथे गरज जास्त, तिथेच परीक्षा अवघड. या एका वाक्यात कंपन्यांची वीस वर्षांची अडचण आली.

ऑनलाइन मिळतात ते काय?

'एअरलेस टायर' असं शोधलं की खरेदीच्या अॅपवर ढीगभर वस्तू दिसतात. त्यातल्या बऱ्याच सायकल, ई-स्कूटर आणि हातगाडीसाठीच्या भरीव किंवा छिद्रांच्या रबराच्या असतात. मुलाच्या सायकलला, कमी वेगाच्या खेळण्यातल्या स्कूटरला त्या चालतील. थोडा हादरा जास्त बसेल, एवढंच.

कारसाठी कुणी असं काही विकत असेल तर मात्र हात आखडता घ्या. भारतात कारच्या टायरसाठीची मानकं आणि आयएसआय चिन्हाची सक्ती हवा भरलेला टायर धरूनच लिहिलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला टायरविषयीचा नियम ९४ सुद्धा हवेच्या टायरचीच भाषा बोलतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत मनमानी बदल करायला मनाई आहे. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने टायरकडे बोट दाखवलं, तर वाद घालत बसायची वेळ आपल्यावर येईल.

पंक्चरवाल्याचं काय?

हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. झाडाखाली कॉम्प्रेसर, पाण्याची घमेली, भिंतीला टांगलेला टायर एवढ्या भांडवलावर कितीतरी घरं चालतात. बिनहवेचा टायर सर्रास आला तर या धंद्याचं पोट मारलं जाणार, हे उघड आहे.

पण ते उद्या होणार नाही. कारमध्ये तो आला तरी आधी महागड्या गाड्यांत येईल, आणि रस्त्यावरच्या कोट्यवधी दुचाकी, रिक्षा, ट्रक हवेवरच धावत राहतील. ट्यूबचे टायर जाऊन ट्यूबलेस आले तेव्हा याच माणसांनी चिकटवायचं पॅच सोडून प्लग लावायचं तंत्र शिकून घेतलं. पुढचा बदलही ते शिकतील. फक्त त्यासाठी आऱ्यांची दुरुस्ती होऊ शकेल असं डिझाइन कंपन्यांनी करायला हवं. 'बिघडलं की फेका' हेच धोरण राहिलं तर कचरा कमी होण्याचा फायदाही अर्धाच उरेल.

तोपर्यंत आपण काय करायचं?

हवेच्या टायरची बरीच दुखणी आजही टाळता येतात, तीही फार खर्च न करता.

• महिन्यातून दोनदा आणि लांबच्या प्रवासाआधी हवा तपासा. टायर थंड असताना तपासा. दाब किती हवा ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. भरलेल्या गाडीचा आकडा बहुतेकदा वेगळा दिलेला असतो.

• उन्हात 'हवा कमीच बरी' हा गैरसमज सोडा. तापमान दहा अंशांनी वाढलं तर दाब साधारण दीड पीएसआय वाढतो आणि टायर त्यासाठी बनवलेला असतो. घात करते ती कमी हवा.

• नायट्रोजन हवेपेक्षा थोडा सावकाश निसटतो, पण आपल्या साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरला म्हणून तपासणी सोडू नका.

• टायरच्या खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत झीज पोहोचली की टायर बदला. कारसाठी ही मर्यादा १.६ मिलिमीटर आहे.

• टायरचं वय बघा. भिंतीवर चार आकडे असतात. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनीचंही वय बघा, ती डिकीत बसून म्हातारी होते.

• भिंतीवर फुगा दिसला तर त्या टायरवर महामार्ग गाठू नका.

• टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा गाडीत नसेल तर बाहेरून बसवता येते. हवा हळूहळू जात असेल तर ती आधीच सांगते.

बाजारात मधले पर्यायही आहेत. रन-फ्लॅट टायर हवा गेल्यावरही साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, चालतो. मात्र तो कडक आणि महाग असतो. छोटं छिद्र आतूनच बुजवणारे टायरही मिळतात. जेके टायरने २०२२ मध्ये 'पंक्चर गार्ड' हे असं तंत्रज्ञान आणलं. शिवाय ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार ट्यूबलेस टायर, दाबदर्शक यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर कंपनीला गाडीसोबत स्टेपनी न देण्याचीही मुभा आहे. नवी गाडी घेताना डिकी उघडून हे आधी पाहून घ्या, नाहीतर गरजेच्या वेळी कळेल.

तर मग, निकाल काय?

बिनहवेचा टायर ही थाप नाही आणि टायर कंपन्यांनी दडवून ठेवलेलं गुपितही नाही. उलट त्याच कंपन्या तो बाजारात आणायला धडपडतायत. मंद वेगाच्या, ठरलेल्या भाराच्या, रोज त्याच वाटेने जाणाऱ्या गाड्यांसाठी तो आज तयार होत आलाय. आपल्या घरच्या कारसाठी, जी सोमवारी एकट्याने ऑफिसला जाते आणि शनिवारी सगळ्यांना घेऊन घाट चढते, तिच्यासाठी अजून थांबावं लागेल.

तोवर पुढच्या वेळी पेट्रोलपंपावर रांगेत असाल तेव्हा "नंतर बघू" म्हणून निघून जाऊ नका. दोन मिनिटं थांबा, चारही टायरची हवा बघा, स्टेपनीचीही बघा. तिथे हवा आजही फुकट मिळते.